डोळे तपासणारा कोण?

वेरूळला जग येते ते पाहायला. कैलास लेण्यापुढे उभा राहिलेला माणूस कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा असो, आधी त्याचे डोळे विस्फारतात. पण इथे राहणाऱ्या आम्हा लोकांची रोजीसुद्धा डोळ्यांवरच चालते. लेण्यांतला गाइड, मूर्ती आणि मण्यांच्या माळा विकणारी पोरे, घरात बसून त्या माळा ओवणाऱ्या बाया, रस्त्यावर गाडी चालवणारे, तिकडे कागजीपुऱ्यात हातकागद बनवणारे आणि शहरात हिमरू विणणारे कारागीर, सगळ्यांची पहिली हत्यारे म्हणजे डोळे. आमच्या शाळेतल्या मुलांचेही तेच. फळ्यावरचे दिसले तर शिक्षण, नाही दिसले तर ‘याचे अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा.

असे असूनही डोळ्यांच्या बाबतीत आपल्या घरांत जेवढी बेफिकिरी आहे, तेवढी मोबाइलबद्दलही नाही. नवा मोबाइल आला की त्याच दिवशी त्यावर काच बसते. घरातल्या मुलाचे डोळे मात्र कोणी तपासले, तपासणाऱ्याचे शिक्षण काय, त्याने दिलेली चिठ्ठी कुठे आहे, हे दहापैकी आठ घरांत सांगता येत नाही. ‘डोळेवाल्या डॉक्टरकडे गेलो होतो’ एवढेच उत्तर मिळते. या ‘डोळेवाल्या डॉक्टर’ शब्दात किती निरनिराळी माणसे दडलेली असतात, हे आम्हा शिक्षकांना गेल्या वर्षी नीट कळले. त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

पावसाळ्याच्या सुरुवातीला काही तरुण शाळेत आले. बोलणे नम्र, कपडे नीटनेटके. त्यांच्याकडे एक टॅब्लेट आणि एक छोटे यंत्र होते. मुलांचे डोळे मोफत तपासू, शहरातला डॉक्टर व्हिडिओवरून पाहील, ज्यांना नंबर निघेल त्यांना अर्ध्या किमतीत चष्मा देऊ, असा त्यांचा प्रस्ताव होता. मुख्याध्यापिका आपांनी तो स्टाफरूममध्ये मांडला. आमच्यातल्या निम्म्यांचे म्हणणे पडले, ‘घरी चालून आलेली नेमत आहे, नाही कशाला म्हणायचे?’ इथून शहर तीस किलोमीटर. दौलताबादचा घाट उतरून जायचे, केसपेपर काढायचा, रांगेत उभे राहायचे, म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली. मग यंत्रच गावात आले तर वाईट काय? उरलेल्यांचे म्हणणे एवढेच होते की मुले आपल्याकडे अमानत आहेत. होकार देण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहू. दोन दिवसांची मुदत मागून आम्ही वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की डोळ्यांचे काम तीन वेगवेगळे हात करतात. एक नेत्रतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस होतो आणि मग डोळ्यांचे पदव्युत्तर शिक्षण घेतो. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव आणि क्रमांक असतो. औषध लिहिणे, शस्त्रक्रिया करणे हे त्याचे काम. दुसरा ऑप्टोमेट्रिस्ट. तो डॉक्टर नव्हे, पण नुसता दुकानदारही नव्हे. नंबर काढणे, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स ठरवणे, कमी दिसणाऱ्यांना साधने सुचवणे आणि आजाराची शंका आली की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे, हे तो शिकलेला असतो. तिसरा चष्मा बनवून विकणारा. काच घासणे आणि ती फ्रेममध्ये अचूक बसवणे यात त्याची हुशारी. तिघेही उपयोगाचे. घोटाळा होतो तो एकाने दुसऱ्याची खुर्ची घेतली की.

आपल्या देशात ऑप्टोमेट्रीचे रीतसर शिक्षण नवे नाही. १९५८ साली अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात आणि हैदराबादच्या सरोजिनी देवी नेत्र रुग्णालयात त्याच्या शाळा सुरू झाल्या. १९८५ मध्ये चेन्नईला एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री निघाले आणि चार वर्षांची पदवी आली. शिक्षण आले, पण त्या शिक्षणाला विचारणारा देशव्यापी कायदा मात्र आला नाही. डॉक्टरांसाठी परिषद होती, दंतवैद्यांसाठी होती, परिचारिकांसाठी होती, औषध विकणाऱ्यांसाठी होती. डोळ्यांचा नंबर काढणाऱ्यासाठी नव्हती. म्हणून ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ अशी पाटी कोणीही लावू शकत असे.

ही उणीव भरायला संसदेने २०२१ साली राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात अशा व्यवसायांचे दहा गट केले असून त्यातला एक नेत्रविज्ञानाचा आहे. ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्र सहायक ही मंडळी त्यात येतात. पदविका किंवा पदवी घेऊन संलग्न व्यावसायिक व्हायचे तर किमान २००० तासांचे शिक्षण हवे. पदवी घेऊन आरोग्यसेवा व्यावसायिक व्हायचे तर किमान ३६०० तासांचे. केंद्रात आयोग, प्रत्येक राज्यात परिषद आणि नोंदवही, असा त्याचा साचा आहे. पण कायदा झाला म्हणजे काम झाले असे आपल्याकडे होत नाही. राज्ये ढिलाई करू लागली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. सांगायचे एवढेच की आता ‘तुमची नोंदणी कुठे आहे?’ असे नंबर काढणाऱ्यालाही विचारण्याचा हक आपल्याला आला आहे. तो वापरला तरच नोंदवहीला अर्थ.

दुसरा प्रश्न टॅब्लेटमधल्या डॉक्टरचा. २५ मार्च २०२० रोजी, कोरोनाची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. फोनवर, व्हिडिओवर किंवा लेखी संदेशावर डॉक्टर सल्ला देऊ शकतो, हे त्यात स्पष्ट झाले. पण हा अधिकार फक्त नोंदणीकृत डॉक्टरला आहे. त्याने आपले नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक सांगितला पाहिजे. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती धरली जाते. मध्ये आरोग्यसेवक असेल तर संमती स्पष्टपणे घ्यावी लागते. रुग्ण अल्पवयीन असेल तर सोबत मोठे माणूस हवे आणि ते कोण हेही पाहून घ्यायचे. फी घेतली तर पावती द्यायची, नोंद ठेवायची. फोनवर निदान होत नाही असे वाटले तर ‘प्रत्यक्ष या’ म्हणणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. आणि एक महत्त्वाची गोष्ट : यंत्राची बुद्धी डॉक्टरला मदत करू शकते, पण यंत्राने स्वतः रुग्णाला सल्ला द्यायचा नाही की औषध लिहायचे नाही.

मुलांच्या डोळ्यांबाबत यंत्राची एक मर्यादा तर शरीराच्या रचनेतूनच येते. लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग फार लवचिक असते. यंत्रात डोकावताना मूल नकळत डोळ्यांवर ताण देते आणि नंबर चुकीचा येतो, बहुधा जास्त उणे. म्हणून मुलांच्या डोळ्यांत थेंब टाकून, बाहुली मोठी करून, भिंगाची हालचाल थांबवून तपासावे लागते. हे थेंब म्हणजे औषध, आणि औषध म्हणजे डॉक्टरची जबाबदारी. ते शाळेच्या वऱ्हांड्यात दोन मिनिटांत उरकत नाही.

दोन दिवसांनी ते तरुण आले, तेव्हा आम्ही त्यांना चार गोष्टी मागितल्या. व्हिडिओवरच्या डॉक्टरचे नाव आणि नोंदणी क्रमांक. नंबर काढणाऱ्याच्या शिक्षणाचा कागद. पालकांच्या संमतीचा नमुना, आणि मुलांच्या डोळ्यांचे फोटो व नावे कुठे साठवणार याचे उत्तर. शेवटचे यासाठी की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती मागितली आहे. ‘साहेबांशी बोलून कळवतो’ म्हणून ते गेले. फोन आला नाही. ते फसवणारे होते असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित त्यांच्या साहेबांनाच हे प्रश्न कोणी विचारले नसतील.

पण खरी परीक्षा पुढे होती. बातमी गावात पसरली आणि चार-पाच आया शाळेत आल्या. माळा ओवून घर चालवणारी एक आई आम्हाला म्हणाली, ‘आपा, अर्ध्या पैशात चष्मा मिळत होता. तुम्ही कागद मागत बसलात. तुमच्या कागदाने माझ्या पोराला दिसणार आहे का?’

या प्रश्नाला चटकन उत्तर नव्हते. तिचे खोटे नव्हते. नियम कडक आणि डॉक्टर तीस किलोमीटरवर, तर नियमाचा बोजा गरिबावरच पडतो. ज्याच्याकडे गाडी आहे तो शहरात जाऊन येतो. ज्याच्याकडे नाही, तो नियमाच्या या बाजूला उभा राहतो. जगातही हा वाद चालू आहे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डॉक्टर यांच्याशिवाय कोणी दृष्टी तपासायची नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याने २०१६ मध्ये ऑनलाइन तपासणीवरून चष्म्याचा नंबर द्यायला बंदी केली. तेव्हा राज्यपालांनी या कायद्याला नकाराधिकार वापरला होता, विधिमंडळाने तो डावलला आणि प्रकरण कोर्टात गेले. एका बाजूचे म्हणणे, डोळ्यातला आजार पडद्यावर दिसत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, ही डॉक्टरांची मक्तेदारी आहे. दोन्हींत थोडे थोडे तथ्य आहे.

मग कागद मागायचे तरी कशासाठी? त्याचे उत्तर आमच्याच सातवीतल्या एका मुलीने दिले, न बोलता. तिचे डोळे दर उन्हाळ्यात खाजायचे. धुळीच्या, कोरड्या मुलखात मुलांना ही ॲलर्जी होतेच. आईने तिला बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात नेले. तिथून थेंबांची बाटली मिळाली. खाज दोन दिवसांत थांबली. मग काय, बाटली संपली की रिकामी दाखवून नवी आणायची, असे दीड वर्ष चालले. एक दिवस वर्गात तिला बाजूच्या बाकावरची मैत्रीण दिसेना. शहरातल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, थेंबांत स्टेरॉइड होते. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडे दिवस वापरायचे असते. महिनोन्‌महिने टाकल्याने डोळ्यातला दाब वाढला आणि नस दबली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखणे एवढेच हाती उरते. आज ती मुलगी रोज वेळेवर औषध घालते, पहिल्या बाकावर बसते आणि हुशार आहे. अल्लाहचे शुक्र की समोरचे दिसते. बाजूचे गेले ते गेले.

ही थेंबे विकण्यालाही कायदा आहे. १९४५ च्या औषध नियमांत ‘शेड्यूल एच’ नावाची यादी आहे. त्यातली औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि तशी सूचना बाटलीवर छापलेली असते. अनेक स्टेरॉइडची थेंबे त्या यादीत येतात. अक्षरे बारीक असतात, पण असतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे आले होते, तेव्हा किती घरांत शेजाऱ्याची बाटली फिरली हे आपल्याला माहीत आहे. नोंदणीशिवाय डॉक्टरकी करणाऱ्याला २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. पण तक्रार करायला हातात चिठ्ठी लागते, पावती लागते. त्या मुलीच्या आईकडे रिकाम्या बाटलीखेरीज काहीच नव्हते.

इथे ‘मोफत’ या शब्दाबद्दलही सांगायला हवे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. मात्र जिथे सगळ्यांनाच सेवा अगदी फुकट असते तिथे तो कायदा लागू होत नाही. म्हणून तपासणी फुकट असली तरी चष्म्याचे पैसे दिले तर पावती घ्यावी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. आणखी एक निकाल आयांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. चेन्नईत १९९६ साली अपुऱ्या दिवसांची एक मुलगी सरकारी रुग्णालयात जन्मली. अशा बाळाच्या डोळ्यांचा पडदा वेळेत तपासावा लागतो, हे आईबापांना सांगितले गेले नाही. तिची दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पैशाने नजर येत नाही. पण तपासणीची वेळ सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्या निकालाने पक्के झाले.

हे सारे नियम परके वाटायचे कारण नाही. प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो म्हणून दिसते, हे प्रयोगांनी मांडणारे इब्न अल-हैसम बसऱ्याचे. बगदादच्या अली इब्न ईसा यांचा डोळ्यांच्या रोगांवरचा ग्रंथ शतकानुशतके शिकवला गेला. आणि परीक्षेचे म्हणाल, तर बाराव्या शतकात शैझरी यांनी बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबासाठी जे पुस्तक लिहिले, त्यात नेत्रवैद्यांसाठी स्वतंत्र सूचना आहेत. हुनैन इब्न इसहाक यांच्या डोळ्यांवरच्या दहा प्रबंधांत त्यांची परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण होईल त्यालाच लोकांच्या डोळ्यांना हात लावू द्यावा, आणि रस्त्यावर फिरणाऱ्या सुरमेवाल्यांपासून सावध राहावे, असा त्याचा आशय. वैद्यक येत नसताना उपचार करणारा नुकसानीला जबाबदार आहे, या आशयाची हदीसही अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. म्हणजे नोंदणी क्रमांक मागणे हा उद्धटपणा नव्हे, ती आपलीच जुनी शिस्त आहे. उरुसात मिळणारा सुरमा बाळाच्या डोळ्यात घालण्यापूर्वीही ही शिस्त आठवावी. पुष्कळ सुरम्यांत शिसे सापडले आहे.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र हदीस सांगून द्यायचे नव्हते, काम करून द्यायचे होते. शिक्षकाने मुलाला सहा मीटरवर उभे करून तक्त्यावरची चिन्हे वाचायला लावणे, ही प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शिक्षकांकडून ती अपेक्षितच आहे. आम्ही पट्टीने सहा मीटर मोजून व्हरांड्यात रेघ मारली आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत मुले तपासली. ज्यांना ओळी दिसल्या नाहीत त्यांची यादी केली आणि शाळांत येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाकडे दिली. या सरकारी कार्यक्रमात गरजू मुलांना चष्मा मोफत मिळतो, हे आमच्यातल्या निम्म्या पालकांना ठाऊकच नव्हते. नऊ मुलांना चष्मे मिळाले. त्यात त्या आईचा मुलगाही होता. दोघांना शहरात घाटी रुग्णालयात पाठवावे लागले. मोहल्ल्यातल्या एकाने भाडे न घेता जीप दिली, आया सोबत गेल्या. त्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलाचा एक डोळा आळशी निघाला. असा डोळा साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुधारला तर उत्तम. नंतर फळ कमी मिळते. त्याच्यावर उपचार चालू आहेत.

टॅब्लेटवरच्या डॉक्टरलाही आमचा विरोध नाही. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने २००४ च्या सुमारास खेड्यांत दृष्टिकेंद्रे काढली. तिथे प्रशिक्षित माणूस यंत्राने डोळा तपासतो, रुग्णालयातला डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतो, आणि गरज पडली तर रुग्णाला बोलावून घेतो. दोन्ही टोकांना जबाबदार माणूस आहे, म्हणून ते चालते. सरकारच्या ‘ई-संजीवनी’वरही एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरचा सल्ला मिळतो. खेड्यांना हवे आहे ते असेच. नियम मोडून नव्हे, नियमातून आलेले यंत्र आपल्या गावात यावे, यासाठी ग्रामसभेत ठराव मांडता येतो. आणि एक पदर असाही : विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या आपल्या मुलींनी ऑप्टोमेट्रीची पदवी घेतली, तर तपासणारा हात गावचाच होईल. आमच्या दहावीच्या मुलींना आम्ही हे सांगू लागलो आहोत.

तोपर्यंत प्रत्येक घराने एवढे करावे. डोळे तपासणाऱ्याला त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी. फोनवरच्या डॉक्टरचे नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा, मुलाजवळ स्वतः बसावे. नंबरची चिठ्ठी आणि पावती मागून घ्यावी, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावी. थेंबांच्या बाटलीवरची सूचना घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी आणि जुनी बाटली दाखवून नवी आणू नये. अचानक कमी दिसणे, डोळ्याला मार, ठणका, दिव्याभोवती रंगीत वलये, बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक, यांतले काहीही असेल तर पडदा बंद करून थेट रुग्णालय गाठावे. विचारल्याने कोणी चांगला माणूस रागावत नाही. जो रागावतो, त्याच्यापुढे मुलाचे डोळे धरण्याची आपल्याला काही गरज नाही.